फांग न्गा उपसागरातील गुहा पाहण्यासाठी दिवसभराची खासगी बोट घ्यावी का?

पाऊलवाट (प्रश्न)

नमस्कार. येत्या जानेवारीत आम्ही पाच जण थायलंडला जाणार असून चार दिवस फुकेत बेटावर मुक्काम आहे. माझ्यासोबत पत्नी, सत्तरी गाठलेले आईवडील आणि नऊ वर्षांची मुलगी असेल. फुकेतच्या पूर्वेला आणि ईशान्येला पसरलेल्या फांग न्गा उपसागरातील चुनखडीची बेटे आणि त्यांच्या पोटातल्या गुहा पाहणे हाच या प्रवासामागचा मुख्य हेतू आहे. समुद्रकिनाऱ्यावरची मौज आम्हाला तितकीशी महत्त्वाची वाटत नाही.

सामायिक सहलींची वर्णने वाचली, तेव्हा त्या सगळ्यांचा क्रम जवळपास सारखाच दिसला. सकाळी साडेआठ-नऊला निघायचे, खिळ्यासारख्या उभ्या सुळक्यापाशी छायाचित्रे काढायची, तरंगत्या गावात जेवायचे, एखाद्या गुहेत वीस मिनिटे होडीतून फिरायचे आणि संध्याकाळी परत यायचे. त्याऐवजी संपूर्ण बोट आमच्यापुरती भाड्याने घेतली, तर खर्च बराच वाढतो. तो करायची आमची तयारी आहे. मात्र त्या पैशांतून केवळ गर्दी टळणार आहे की गुहांचे दर्शनही अधिक चांगले होणार आहे, हे मला ठरवता येत नाही. बोट कोणत्या प्रकारची घ्यावी, कोणत्या धक्क्यावरून निघावे आणि बोटवाल्याला आधी कोणते प्रश्न विचारावेत, हे अनुभवी मंडळींनी सांगितले तर उपकार होतील. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे तिला अरुंद होडीत उतरता येईल की नाही, हीदेखील एक चिंता आहे.

खाडीकाठ

आपल्या प्रश्नाचे उत्तर गर्दीपेक्षा भरती-ओहोटीत अधिक आहे, म्हणून आधी तेच सविस्तर लिहितो. मी या उपसागरात तीनदा गेलो आहे, आणि माझ्या मते खासगी बोटीचे पैसे ज्या एका गोष्टीसाठी मोजावेत ती गोष्ट म्हणजे निघण्याची वेळ आपल्या हाती असणे.

तेथील बेटांच्या आत ज्या जागा पाहायच्या असतात, त्यांना थाई भाषेत 'हाँग' म्हणतात. या शब्दाचा अर्थ खोली असा आहे आणि तो अत्यंत नेमका आहे. बाहेरून पाहिले तर बेट म्हणजे सरळ उभा कडा. पण त्याच्या मध्यभागी वरून आकाशाला खुली असलेली आणि चारही बाजूंनी शंभर-शंभर फूट भिंतींनी वेढलेली जागा असते. तळाशी समुद्राचे पाणी आणि कांदळवन असते. आत जाण्याचा मार्ग बहुधा एकच असतो, तो म्हणजे कड्याच्या पायथ्याशी असलेला, पाण्याच्या पातळीवरचा बोगदा. पाणी फार चढलेले असेल तर बोगद्याचे छत पाण्याखाली जाते. फार उतरलेले असेल तर तळाचा चिखल आणि खडक उघडे पडतात आणि होडी पुढे सरकत नाही. या दोन अवस्थांच्या मधला जो काळ मिळतो, त्याच काळात आत जाता येते. पानाक बेटावरच्या काळोख्या बोगद्यांच्या बाबतीत हे विशेषत्वाने खरे आहे. फांग न्गामधल्या हाँग बेटावरच्या कमानी त्या मानाने मोकळ्या असल्याने तेथे वेळेचे बंधन इतके कडक नसते, आणि म्हणूनच सामायिक सहली बहुधा तेथेच जातात.

आता हिशेब पाहू. या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. एका भरतीपासून पुढच्या ओहोटीपर्यंत साधारण सव्वासहा तास जातात आणि प्रत्येक दिवशी ही वेळ सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. उधाणाच्या, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच्या, दिवसांत पाण्याची चढ-उतार दोन मीटरहून अधिक होते, भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या, दिवसांत ती त्याच्या निम्म्याहून कमीही असू शकते. शिवाय पाणी सर्व वेळ एकाच गतीने उतरत नाही. दर्यावर्दी लोक त्यासाठी बारा भागांचा ठोकताळा वापरतात: एकूण उतार बारा भागांत विभागला, तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्या तासात दोन, तिसऱ्या आणि चौथ्या तासात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक भाग पाणी उतरते. उतार २.४ मीटर धरला तर पहिल्या तासात पाणी फक्त २० सेंटीमीटर खाली जाते, परंतु तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून १.२ मीटर. ज्या बोगद्यात होडी आणि आडवा झोपलेला माणूस यांना जेमतेम जागा आहे, तेथे अर्ध्या तासाच्या फरकाने दार उघडते किंवा बंद होते, ते याच कारणाने.

सामायिक सहलीची बोट रोज ठरलेल्या वेळी निघते आणि समुद्र रोज पन्नास मिनिटे पुढे सरकतो. त्यामुळे त्या बोटीतील प्रवाशांना पानाकचे बोगदे मिळतील की नाही, हे बहुतेक वेळा केवळ योगावर अवलंबून असते. खासगी बोट घेऊनही आपण सकाळी नऊलाच निघणार असू, तर आपण जास्त पैसे देऊन तोच योग विकत घेतो, असे मला मनापासून वाटते. आधी तक्ता पाहावा, मग दिवस ठरवावा, मग निघण्याची वेळ ठरवावी आणि सर्वांत शेवटी बोट ठरवावी. थायलंडच्या नौदलाचा जलमापन विभाग भरती-ओहोटीचे तक्ते प्रसिद्ध करतो, आणि फुकेतजवळच्या 'ताफाओ नोई' बेटाच्या नोंदी या भागासाठी उपयोगी पडतात. किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला तिथीवरून भरतीची वेळ काढण्याची सवय असते. मात्र ते गणित प्रत्येक बंदरासाठी वेगळे असते, म्हणून तेथे गेल्यावर तेथलाच तक्ता वापरावा.

पाणी उतरत असताना आत शिरणे आणि चढत असताना शिरणे यांतही फरक आहे. चढत्या पाण्यात आत गेलेली होडी वेळेत बाहेर पडली नाही, तर छत आणि पाणी यांतले अंतर कमी होत जाते आणि पाणी पुन्हा उतरेपर्यंत आतच थांबावे लागते. उतरत्या पाण्यात उशीर झाला तर फार तर होडी चिखलात रुतते. जाणकार वल्हेकरी दोन्ही वेळा सांभाळतो, परंतु मुलगी आणि आईवडील सोबत असताना मी उतरत्या पाण्याचीच वेळ निवडेन.

शांतवल्हे

खाडीकाठ यांच्या म्हणण्याशी मी सहमत आहे. एक बाजू मात्र राहून गेली आहे असे वाटते. प्रत्येक खासगी बोट गुहांसाठी योग्य असतेच असे नाही. धक्क्यावर भाड्याने मिळणाऱ्या लांब शेपटीच्या बोटीचा तांडेल बोट उत्तम चालवतो, पण त्याच्याकडे स्वतःची होडी किंवा प्रशिक्षित वल्हेकरी असतोच असे नाही. मग हाँग बेटाजवळच्या तरंगत्या तराफ्यावर भाड्याची होडी घ्यावी लागते आणि शेवटी आपण सामायिक सहलीच्याच रांगेत उभे राहतो.

याउलट काही सामायिक सहली गुहांसाठीच आखलेल्या असतात. त्यांची निघण्याची वेळ भरतीच्या तक्त्यानुसार बदलते, प्रत्येक होडीत एक वल्हेकरी आणि दोनच प्रवासी असतात, आणि अंधार पडेपर्यंत त्या समुद्रात राहतात. तुम्ही दोघेच जात असता तर मी खासगी बोटीचा आग्रह धरलाच नसता. पाच जण, त्यांत दोन वयस्क आणि एक लहान मूल, म्हटल्यावर खासगी बोट घेणे योग्य आहे. मात्र 'होड्या किती आहेत, वल्हेकरी किती आहेत आणि त्यांनी पानाकचे बोगदे स्वतः पार केले आहेत का' हे तीन प्रश्न बोटीच्या रंगरूपापेक्षा अधिक महत्त्वाचे मानावेत.

नावांच्या घोळापासूनही सावध राहा. हाँग नावाची दोन प्रसिद्ध बेटे आहेत. एक फांग न्गा उपसागरात आहे आणि दुसरे क्राबीच्या बाजूला, थान बोक खोरानी राष्ट्रीय उद्यानात. क्राबीचे हाँग बेट पांढऱ्या वाळूच्या किनाऱ्यासाठी आणि शांत खाजणासाठी ओळखले जाते. तेही सुंदर आहे, पण तुम्हाला हवे ते हे नव्हे. आरक्षण करताना उपसागराचे नाव लिहून घ्यावे.

पाऊलवाट

आपण दोघांनीही इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल आभार. खाडीकाठ यांच्या सांगण्यावरून आजच तक्ता पाहिला. आमच्या चार दिवसांपैकी पहिला दिवस पौर्णिमेनंतरचा दुसरा आहे. त्या दिवशी पूर्ण भरती सकाळी साडेअकराच्या सुमारास, ओहोटी सायंकाळी साडेपाचच्या सुमारास आणि दोन्हींमधला फरक जवळपास अडीच मीटर दिसतो. चौथ्या दिवशी भरती दुपारी दीडच्याही पुढे जाते आणि फरक सव्वा मीटरवर येतो. यांतला कोणता दिवस घ्यावा?

दर्याकिनारी

मी दिवसाबद्दल बोलणार नाही, ते खाडीकाठ अधिक चांगले सांगतील. मी माझ्या सासूबाईंना (तेव्हा त्यांचे वय ७२ होते) या उपसागरात घेऊन गेले होते, त्यामुळे आईंच्या गुडघ्यांबद्दल लिहिते.

आधी आमच्या हातून झालेली चूक सांगते. आम्ही एका बोटवाल्याकडून दिवसभरासाठी वेगवान बोट घेतली. सकाळी साडेनऊला आम्ही पानाक बेटापाशी पोहोचलो तेव्हा पाणी पूर्ण चढलेले होते आणि बोगद्याच्या जागी फक्त कड्याला आदळणारे पाणी दिसत होते. बोटवाल्याला हे आदल्या दिवशीही माहीत असणार; पण आम्ही विचारले नाही आणि त्याने सांगितले नाही. परतीची वेळ ठरलेली असल्यामुळे पाणी उतरेपर्यंत थांबताही आले नाही. सासूबाई गुहेच्या तोंडाशी जाऊन परत आल्या, याची रुखरुख मला अजूनही आहे. दोन वर्षांनी आम्ही पुन्हा गेलो, तेव्हा वेळ पाहून गेलो आणि त्या आत जाऊन आल्या. म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

बोटीचे साधारण तीन प्रकार मिळतात. लांब शेपटीची बोट उथळ पाण्यात सहज जाते आणि तिचे भाडे माणशी नसून बोटीमागे असते, पण तिच्या उघड्या इंजिनाचा आवाज इतका मोठा असतो की तासाभराने बोलणेही नकोसे होते. शिवाय तिचा काठ उंच असल्याने तो ओलांडताना गुडघ्यांवर ताण येतो आणि बोटीत स्वच्छतागृह नसते. वेगवान बोट अंतर लवकर कापते, परंतु लाटांवर आपटते, आणि कंबर किंवा मणक्याचा त्रास असलेल्या माणसाने तिच्या पुढच्या भागात अजिबात बसू नये. तिसरा प्रकार म्हणजे संथ चालणारी, सावलीची मोठी बोट, जिच्यावर स्वच्छतागृह, बसायला बाके आणि मागे होड्या ठेवायची जागा असते. आईवडिलांसाठी मी विचार न करता तिसरी सांगेन. तिला वेळ जास्त लागतो हा दोष मी मानत नाही, कारण त्या बेटांच्या मधून संथपणे जाणे हाच निम्मा आनंद आहे.

होडीत उतरण्याबद्दल सांगायचे तर, चांगल्या मोठ्या बोटीच्या मागे पाण्यालगत सपाट फळी असते. माणूस त्या फळीवर बसतो, पाय होडीत टाकतो आणि वल्हेकरी होडी घट्ट धरून ठेवतो. यात गुडघे पूर्ण वाकवावे लागत नाहीत. हवा भरलेली रबरी होडी रुंद असल्याने डोलत नाही. कठीण प्लॅस्टिकची कयाक त्या मानाने डळमळते. खरी परीक्षा पुढे असते. बोगद्यात छत खाली आले की पाठीवर पूर्ण आडवे व्हावे लागते, आणि काही ठिकाणी वल्हेकरी होडीतली थोडी हवा सोडून तिला आणखी खाली बसवतो. छताला आणि भिंतींना कालवांचे धारदार कवच चिकटलेले असतात, म्हणून हात होडीच्या आतच ठेवावे लागतात. बोगद्यात विजेरीशिवाय काहीही दिसत नाही आणि वटवाघळांच्या विष्ठेचा उग्र वास असतो. आईंना बंद जागेची भीती वाटत असेल तर त्यांना हे सगळे आधीच स्पष्ट सांगावे आणि त्यांनी नको म्हटले तर आग्रह करू नये. त्यांना हाँग बेटाच्या मोकळ्या कमानींतून फिरता येईल, तेथे आडवे व्हावे लागत नाही.

लाइफ जॅकेट मुलीच्या मापाचे आहे का, हे धक्क्यावर स्वतः पाहा. मोठ्यांचे जाकीट लहान मुलाच्या डोक्यावरून निसटते. हवामानाच्या बाबतीत तांडेलाचा शब्द अंतिम मानावा. नैर्ऋत्य मोसमी वारे मे ते ऑक्टोबर या काळात वाहतात आणि फुकेत बेटाच्या आडोशामुळे हा उपसागर त्या काळातही बराच शांत राहतो, परंतु आडोसा सोडला की परिस्थिती बदलते. जुलै २०१८ मध्ये फुकेतच्या दक्षिणेकडील खुल्या समुद्रात वादळात सापडून एक पर्यटक बोट बुडाली आणि ४७ जणांचा मृत्यू झाला. तुमचा महिना जानेवारी आहे, तो कोरड्या ऋतूतला आहे. तरीही जोराचा वारा सुटला आणि तांडेल नको म्हणाला, तर पैसे गेले तरी चालतील, असे मनाशी ठरवूनच निघावे.

जेवणाचे एक सांगते. खासगी बोटीवर जेवण आपल्या सांगण्यानुसार करून देतात, पण शाकाहारी म्हटले तरी माशांचा रस किंवा कोळंबीची चटणी घातली जाऊ शकते. 'जे' हा शब्द वापरावा. थाई लोक पूर्ण शाकाहारी जेवणाला तसेच म्हणतात आणि त्यात या दोन्ही गोष्टी येत नाहीत.

कातळशिल्प

नऊ वर्षांची मुलगी सोबत आहे, म्हणून तिला काय दाखवावे याबद्दल थोडे लिहितो. भूगोल शिकवणे हा माझा व्यवसाय आहे आणि मुलांना ही जागा समजावून सांगायला मला फार आवडते.

हा चुनखडक पर्मियन काळातला, म्हणजे २५ कोटी वर्षांहून जुना आहे आणि उथळ, उबदार समुद्रातील जीवांच्या कवचांपासून बनलेला आहे. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होते आणि असे पाणी चुनखडक विरघळवते. फटी रुंदावतात, फटींच्या पोकळ्या होतात, पोकळ्यांच्या गुहा होतात आणि एखाद्या गुहेचे छत कोसळले की हाँग तयार होते. म्हणजे मुलगी ज्या जागी होडीत बसून वर आकाश पाहील, त्या जागी कधीकाळी दगडी छत होते. हे तिला तेथे, आतमध्ये, सांगावे. बाहेर सांगून तितके पोहोचत नाही.

दुसरी गोष्ट अशी की ही बेटे मुळात बेटे नव्हती. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, जगभरातील समुद्राची पातळी आजच्यापेक्षा जवळपास १२० मीटर खाली होती. हा उपसागर उथळ असल्यामुळे त्या काळी येथे पाणी नव्हते, मैदान होते आणि त्यावर या टेकड्या उभ्या होत्या. बर्फ वितळल्यावर समुद्र वर आला आणि टेकड्यांची बेटे झाली. फांग न्गा शहराकडे जाताना भातशेतीच्या आणि रबराच्या बागांच्या मधून अगदी असेच कडे उभे दिसतात. पाणी नसलेला उपसागर कसा असेल, हे त्यांच्याकडे पाहून कळते.

तिला प्रत्येक कड्याच्या पायथ्याशी असलेली आडवी खाच शोधायला सांगा. पाण्याची झीज आणि खडक पोखरणारे जीव यांमुळे भरती-ओहोटीच्या पट्ट्यात कडा आत खाल्ला गेलेला असतो आणि वरचा भाग छज्ज्यासारखा पुढे येतो. काही ठिकाणी आजच्या पातळीच्या वरही जुनी खाच दिसते. तेथे समुद्र पूर्वी अधिक उंचीवर होता. खाओ फिंग कान बेटाजवळचा प्रसिद्ध सुळका, तापू, हाही याच झिजेचे उदाहरण आहे. त्याची उंची साधारण २० मीटर आहे आणि तळाशी तो वरच्यापेक्षा अरुंद आहे. आपल्या भाषेत टापू म्हणजे बेट, तर थाई भाषेत 'तापू' म्हणजे खिळा, हे ऐकून मुलीला नक्कीच गंमत वाटेल. खडक ढासळू नये म्हणून १९९८ पासून बोटींना त्याच्या जवळ जाऊ देत नाहीत. तो शेजारच्या बेटाच्या किनाऱ्यावरूनच पाहायचा असतो.

हाँगच्या आत शिरल्यावर दोन मिनिटे कोणीही बोलू नये, एवढी एक विनंती आहे. मग चिखलावर उड्या मारणाऱ्या निवट्या दिसतात, खंड्याचा आवाज येतो आणि कधी माकडे कांदळवनाच्या मुळांतून खेकडे शोधत उतरतात. माकडांना काहीही खायला देऊ नये. काही गुहांमध्ये पाकोळ्यांची घरटी असतात, ती खाद्य म्हणून फार मोलाची असल्यामुळे त्यांचे ठेके दिलेले असतात आणि तेथे राखणदार बसतात. अशा गुहेत शिरण्याचा हट्ट धरू नये.

पाण्याच्या रंगाबद्दलची अपेक्षाही आधीच नीट करून ठेवावी. नद्यांचा गाळ आणि कांदळवन यांमुळे येथले पाणी हिरवे आणि गढूळ असते. पाण्याखाली डोकावून मासे पाहण्याची ही जागा नाही. ज्या गढूळपणाची प्रवासी तक्रार करतात, त्याच गाळावर हे कांदळवन उभे आहे आणि त्याच परिसंस्थेमुळे हा उपसागर २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या रामसर पाणथळ जागांच्या यादीत घेतला गेला.

खाडीकाठ

पाऊलवाट, आपण दिलेल्या आकड्यांवरून मी पहिला दिवस निवडेन, आणि निघण्याची वेळ सकाळची न ठेवता साडेअकराची ठेवेन.

त्या दिवशी पाणी साडेअकराला उतरू लागेल. दुपारी दीडपर्यंत ते फक्त साठ-पासष्ट सेंटीमीटर खाली गेलेले असेल, आणि दीड ते साडेतीन या दोन तासांत सव्वा मीटर उतरेल. पानाकच्या बोगद्यांची दारे याच दोन तासांत कधीतरी उघडतील. नेमकी कधी, हे त्या-त्या बोगद्याच्या उंचीवर अवलंबून आहे आणि ते वल्हेकऱ्याला ठाऊक असते. म्हणून दीडच्या आधी बेटापाशी पोहोचून नांगर टाकावा, बोटीवरच जेवावे आणि कड्याच्या सावलीत वाट पाहावी. फुकेतच्या ईशान्य टोकाकडील आओ पो धक्क्यावरून मोठ्या संथ बोटीलाही पानाकपर्यंत साधारण तासभर लागतो, त्यामुळे हे सहज जमते. सकाळी निघालेल्या सहली तोपर्यंत परतीच्या वाटेला लागलेल्या असतात. जानेवारीत सूर्यास्त सहानंतर होतो, तेव्हा साडेचारपर्यंत गुहा, नंतर हाँग बेटाच्या कमानी आणि उतरत्या उन्हात परतीचा प्रवास, असा दिवस होईल.

चौथ्या दिवशी चढ-उतार कमी असल्याने पाणी मधल्या पातळीवर बराच वेळ रेंगाळेल आणि तेही वाईट नाही. परंतु काही बोगदे उघडण्याइतके पाणी उतरेलच असे नाही, आणि ते उतरत असताना दिवस मावळतीला लागेल. तो दिवस राखीव म्हणून ठेवावा. पहिल्या दिवशी वारा निघाला तर निदान हाँग बेटाच्या कमानी तरी त्या दिवशी नक्की पाहता येतील.

उत्तरेकडच्या सुराकुल धक्क्यावरून निघण्याचा पर्याय या दिवशी टाळावा. तेथली वाट कांदळवनातल्या उथळ खाडीतून जाते आणि आपली परतीची वेळ नेमकी पूर्ण ओहोटीची असेल. तापूचा सुळका आणि पाण्यात खांबांवर वसलेले पान्यी गाव त्या बाजूला आहे, त्यामुळे ते या दिवसात बसणार नाही. मी ते बिनदिक्कत सोडून देईन. पान्यी हे जावाहून आलेल्या मुस्लिम कोळ्यांनी वसवलेले, मशिदीभोवती उभे राहिलेले खरेखुरे गाव आहे, आणि दुपारच्या जेवणाच्या गर्दीत तासभर डोकावून जाण्यापेक्षा ते वेगळ्या दिवशी, अंगभर कपडे घालून, निवांतपणे पाहावे, असे मला वाटते.

बोटवाल्याशी ठरवताना पुढील गोष्टी लेखी घ्याव्यात. निघण्याची वेळ भरतीनुसार ठरेल आणि परतीची वेळ सूर्यास्तापर्यंत खुली राहील. प्रत्येक दोन प्रवाशांमागे एक होडी आणि एक वल्हेकरी असेल, म्हणजे आपल्यासाठी तीन होड्या. मोठ्या विजेऱ्या आणि मुलीच्या मापाचे जाकीट असेल. आणि राष्ट्रीय उद्यानाचे प्रवेशशुल्क भाड्यात धरलेले आहे की वेगळे द्यायचे, तेही लिहिलेले असेल. परदेशी प्रौढांना ते माणशी ३०० बात (थाई चलन) असते, मुलांना कमी. वेगळे द्यायचे असेल तर रोख रक्कम जवळ ठेवावी. प्रवाळांना अपायकारक रसायने असलेल्या सनस्क्रीनवर थायलंडच्या राष्ट्रीय उद्यानांत २०२१ पासून बंदी आहे, तेव्हा बाटलीवरचे घटक घरूनच वाचून निघा, किंवा त्याऐवजी लांब बाह्यांचा सुती सदरा आणि टोपी घ्या.

पाऊलवाट

पहिला दिवस, साडेअकरा वाजता, आओ पो धक्का, संथ मोठी बोट आणि तीन होड्या, असे नक्की केले. आज दोन बोटवाल्यांना पत्र लिहिले आणि पहिलाच प्रश्न असा विचारला की त्या दिवशी पानाकचे बोगदे किती वाजता उघडतील. एकाने सहलीचा छापील कार्यक्रम पाठवला. दुसऱ्याने उलट विचारले की आपल्यासोबत वयस्क कोणी आहे का, कारण मग तो आम्हाला दोनऐवजी अडीच वाजता आत नेईल, तेव्हा छत थोडे अधिक उंच असेल. बोट दुसऱ्याकडूनच घेत आहोत. दर्याकिनारी यांचे उत्तर आईला वाचून दाखवले. बोगद्याच्या तोंडाशी गेल्यावर ठरवीन, असे ती म्हणाली आहे, आणि वल्हेकऱ्याला तसे आधीच कळवले आहे.